एकाच कागदावरचे तीन ग्राफ

सहामाहीचे गणिताचे पेपर केवळराम मास्तरांच्या घरी आले तेव्हा लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला होता. त्यामुळे त्यांच्या सुनेच्या, रुख्माच्या मागे दोन कामं एकदम लागली. सकाळी धानाच्या बांधीत विळा, आणि तिसऱ्या प्रहरी घरासमोरच्या सपरीत, म्हणजे पडवीत, चटई टाकून सासऱ्यापुढे पेपरांचा गठ्ठा. नवरा, बकाराम, गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला होता. तो अंधार पडल्यावर यायचा आणि जेवून आडवा व्हायचा. सासू जाऊन वर्षं झाली होती. तेव्हा घरात मास्तरांना डोळे उसने द्यायला रुख्माशिवाय कोणी नव्हतं.

मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "अजून कच्चा आहे. पिकला की काढू." तेव्हापासून मास्तर पिकायची वाट पाहत होते. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. कुडवा या आपल्या गावाहून गोंदियाच्या शाळेपर्यंतचा रस्ता पायाखालचा, फळ्यावर हात बसलेला, आणि बीजगणित तोंडपाठ. दिवस निघून जात होते. सायकल मात्र त्यांनी सोडली होती. कोणी विचारलं तर म्हणत, "पायी चाललेलं बरं असते तब्येतीले."

शाळेत त्यांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं, असं त्यांना वाटे.

पावसाळ्यातल्या चाचणीच्या वेळी त्यांनी रुख्माला पहिल्यांदा पेपर वाचायला हाक मारली, तेव्हा ती दाराआडच उभी राहिली होती. डोक्यावरून पदर, तोंडावर पदर. सासऱ्यासमोर ती आजवर कधी बसली नव्हती. ताट सरकवायचं आणि मागे व्हायचं, एवढाच व्यवहार. पण आकडे दाराआडून वाचता येत नाहीत. आधी उंबऱ्यावर, मग सपरीच्या कोपऱ्यात, आणि शेवटी एकाच चटईवर, अशी ती हळूहळू पुढे सरकली. शेजारच्या बायका कुजबुजल्या. मास्तरांना ते कळलं असावं, कारण ते मुद्दाम मोठ्यानं बोलू लागले, म्हणजे रस्त्यावर ऐकू जावं की इथे फक्त गणित चाललं आहे.

रुख्मा चौथी पास होती. उदाहरणातले आकडे ती वाचून दाखवी, मास्तर मनात सोडवत, आणि ती त्यांचं बोट धरून जिथे मार्क लिहायचा तिथे टेकवी. आकड्यांचं तसं सोपं होतं. अडलं ते ग्राफवर. ग्राफ काही वाचून दाखवता येत नाही.

"काय दिसते?" मास्तर विचारत.

"रेघ आहे जी."

"कशी आहे? सरळ आहे का वाकडी?"

"सरळच दिसते."

"दिसते म्हणू नको. पारखून सांग."

मग त्यांनी तिला शिकवलं. ज्या समीकरणात नुसता क्ष असतो, त्याचा वर्ग नाही, घन नाही, त्याचा ग्राफ सरळ रेघेचा. समजा, एक घर उजवीकडे गेलं की दोन घरं वर. पुन्हा एक घर उजवीकडे, पुन्हा दोनच घरं वर. पाऊल बदलत नाही. जिथे पाऊल बदललं, तिथे रेघ वाकली. आणि वाकली की ती त्या जातीची नाही.

हे रुख्माला लवकर कळलं. त्या पावसाळ्यात ग्रामसेवकानं जपानी पद्धतीची रोवणी करायला लावली होती. बांधीत दोरी ताणायची आणि दोरीनं रोपं लावायची. दिवसभर वाकून झाल्यावर ती बांधावर खाली बसे, एक डोळा मिटून ओळीकडे पाही, आणि कोणतं रोप दोरी सोडून गेलं ते तिला कळे. तिनं ग्राफचा कागद तसाच डोळ्यापाशी आडवा धरला आणि म्हणाली, "एक ठिपका बाहेर गेला मामाजी. चवथा."

मास्तरांनी कागदाकडे मान वळवली. मग म्हणाले, "हं. अर्धा मार्क काप."

दुसरी जात वाटीसारख्या ग्राफची. क्षचा वर्ग आला की रेघ खाली उतरते, बुडाशी वळते आणि पलीकडे तशीच चढते. वाटी बरोबर आहे की नाही, हे पाहायचं तर उभ्या रेघेवर कागद दुमडायचा. डावीकडची बाजू उजवीवर तंतोतंत पडली, तर सममिती आहे. "चोळी बेतताना कापड दुमडतो तसं," रुख्मा म्हणाली. मास्तर म्हणाले, "तसंच. पण घडी पाडू नको. कागदावर घडी दिसली त पोरं विचारतील." म्हणून ती कागद नुसता वाकवी आणि उजेडासमोर धरी. एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूच्या रेघेत बुडाली की म्हणे, "जुळली."

सहामाहीच्या पेपरात मास्तरांनी तीन ग्राफ घातले होते, आणि बहुतेक मार्क त्यांच्यावरच होते. पहिला सरळ रेघेचा. दुसरा उभ्या वाटीचा. तिसरा त्यांच्या हौसेचा. त्यात क्ष आणि य यांची अदलाबदल केली होती, म्हणून वाटी आडवी पडायची, तोंड उजवीकडे. तिची घडी उभ्या रेघेवर नाही, आडव्या रेघेवर घालायची. प्रत्येक ग्राफ कोणत्या जातीचा, सममिती असेल तर कोणत्या घडीवर, हे पोरांनी ओळखून लिहायचं होतं.

गठ्ठा काही संपता संपेना. पहिल्या दिवशी रुख्मानं नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत धानाची कुसं गेली होती, डोळे चुरचुरत होते. तिसऱ्या दिवशी मान खाली केली की झोप यायची. कंबर धरली होती. चुलीवर भात चढवलेला, तिची लहानगी पोरगी मांडीवर झोपलेली, आणि समोर वाटीवर वाटी, वाटीवर वाटी. मास्तरही थकले होते. शाळेतून चालत आल्यावर त्यांचे पाय सुजत. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत.

शेवटचा पेपर एका पोरीचा होता. पोरांचे नंबर आधी लागत, पोरींचे मागून. आणि त्या वर्गात पोरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

"सांग," मास्तर म्हणाले.

रुख्मानं कागद वाकवला. जुळलं नाही. आडवा वाकवला. तरी जुळलं नाही. इकडून एक रेघ, तिकडून एक रेघ, मध्ये एकमेकींत घुसलेल्या. इतर पोरांनी तीन ग्राफ तीन जागी काढले होते. या कागदावर एकच जागा होती आणि तिथे सगळं एकावर एक.

"जुळत नाई जी," ती म्हणाली. "नुसता गुंता आहे."

"गुंता?"

"होय. काईच्या काई रेघा मारल्या."

एरवी मास्तरांनी पुन्हा पाहायला लावलं असतं. त्या दिवशी त्यांनी उसासा टाकला आणि बोट पुढे केलं. रुख्मानं ते कागदावर टेकवलं, आणि मास्तरांनी शून्य काढलं. तेही नीट मिटलं नाही. मग ते चटईवरच आडवे झाले, आणि रुख्मा भात करपायच्या आत चुलीकडे पळाली.

दिवाळीच्या सुट्या झाल्या. शाळा पुन्हा सुरू होऊन काही दिवस गेले असतील, एका संध्याकाळी मास्तर घरी आले ते पाणीसुद्धा न मागता सपरीत बसून राहिले.

"काय झालं मामाजी?"

"काही नाही. लक्ष्मीचंद आला होता शाळेत. नदीकडच्या टोल्यावरचा, छोट्या वस्तीतला, पोवार, मोठी शेती आहे त्याची. पोरीचं नाव काढून घेतलं. दाखला घेऊन गेला." थोडं थांबून ते म्हणाले, "गणितात नापास झाली म्हणून. मी म्हटलं, पोरगी हुशार होती. त म्हणते, हुशार असती त पास झाली असती."

रुख्मा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "कोन पोरगी?"

"मुन्नी. तिचाच शेवटचा पेपर होता. तू गुंता म्हणत होती, तो."

रुख्मा उठली. तिनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि मास्तरांची पिशवी घेऊन आली. पेपर वाटले त्या दिवशी मुन्नी शाळेत आलीच नव्हती, तेव्हा तिचा पेपर पिशवीतच राहिला होता. अजून उजेड होता. रुख्मानं अंगणात उतरून तो पश्चिमेकडे धरला.

गुंता तसाच होता. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांवर झोप होती, आज नव्हती. तिला रेघांच्या टोकांशी बारीक अक्षरं दिसली. अ, ब, क. तिनं अ वर बोट ठेवलं आणि दुसरं काही न पाहता त्या एकाच रेघेमागे गेली. कागद डोळ्यापाशी धरला. दोरीसारखी सरळ. मग ब. ती खाली उतरली, मधल्या ठिपक्याशी वळली, पलीकडे चढली. उभी घडी घातली आणि बाकीच्या रेघांकडे दुर्लक्ष केलं, तर ब-च्या दोन्ही बाजू एकमेकींत बुडत होत्या. मग क. आडवी घडी. तीही जुळली.

तिन्ही बरोबर होते.

कागदाच्या खाली शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं, इतकं फिकट की त्या दिवशी ते तिनं पाहिलंही नव्हतं. ती सपरीत आली आणि उभ्यानंच वाचू लागली.

"मामाजी, ऐका. 'तिन्ही ग्राफ एकाच ठिकाणी काढले आहेत, कारण कागद कोपऱ्यातून तिरपा दुमडला तर ब हा क-वर पडतो. ही तिसरी सममिती आहे.'"

"काय म्हटलं?"

तिनं पुन्हा वाचलं. मग तिरपी घडी घालून पाहिली. उभी वाटी आडव्या वाटीवर गेली आणि दोघींची एकच रेघ झाली.

"पडते जी," ती म्हणाली. "बरोबर पडते."

मास्तर हात पुढे करून बसले होते. तिनं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना त्यात काही दिसणार नव्हतं. त्यांनी तो बोटांनी चाचपला, पालथा केला, पुन्हा सरळ केला.

"हे मी शिकवलं नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकाही पोरानं हे स्वतःहून पाहिलं नाही."

बाहेर बैलगाड्या घराकडे परतत होत्या. आत रुख्माची पोरगी उठून रडू लागली. रुख्मानं तिला कडेवर घेतलं आणि परत येऊन उभी राहिली.

"आता काय करता?"

"काय करू?" मास्तरांचा आवाज दमलेला होता. "हेडमास्तरांकडे जाऊ, मार्क वाढवा म्हणू? ते विचारतील, आधी काऊन नाही दिसलं. मग काय सांगू? की मले दिसतच नाही? सून पाहते आणि मी आकडे मारतो? थोडे महिने राहिले आहेत रुख्मा. राहू दे. तसंही लक्ष्मीचंद तिचं लग्न करणारच होता."

"माहं पन लग्न करनारच होते," रुख्मा म्हणाली. ती सासऱ्याशी अशी कधी बोलली नव्हती. आता बोलायला लागली तर थांबेना. "चवथीत मी वर्गात पयली आली होती. बाप म्हने, पुरे झालं. कोनी आलं नाई त्याले समजावाले. मास्तर रोज घरासमोरून जात होते, पन आले नाईत. तवा वाटे, मलेच काई येत नसन. या पोरीलेही आता तसंच वाटत असन. अन् तिले येते. तिचं सगळं बरोबर आहे. चुकलं मी, अन् शून्य तिले."

रुख्मा थांबली. तिला वाटलं, जास्त बोललो आपण. तिनं पदर पुढे ओढला आणि आत गेली.

सकाळी मास्तर नेहमीपेक्षा लवकर तयार झाले. कोट घातला, टोपी घातली, आणि अंगणात उभे राहून हाक मारली, "रुख्मा, तूही चल. ग्राफ समजावून सांगायला कोणी पाहिजे."

बकाराम दात घासता घासता थांबला. "हे कायले जाऊन राहिली शाळेत?"

"मी नेऊन राहिलो," मास्तर म्हणाले, आणि बकाराम चूळ भरायला वळला.

दोघं रस्त्याला लागली. मास्तर पुढे, रुख्मा मागे. रस्त्यावर धानाच्या गाड्यांची गर्दी होती. एका गाडीच्या चाकाखाली मास्तर जवळजवळ गेलेच. तेव्हा तिनं त्यांचा कोट मागून ओढला आणि नंतर सोडलाच नाही. गाव संपून शहराची घरं लागली, ओळखीचे लोक भेटू लागले, तरी तिनं सोडला नाही आणि मास्तरांनीही सोडवून घेतला नाही.

हेडमास्तर हिरालाल हे हिंदी बोलणारे, जाडजूड, सतत घामेजलेले गृहस्थ. त्यांनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग मागे पदर घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे. मास्तरांनी सगळं सांगितलं. डोळ्यांचं, पेपरांचं, सुनेचं, शून्याचं. काहीच झाकलं नाही. बोलताना त्यांचे हात टेबलाची कड घट्ट धरून होते.

हिरालाल ऐकत राहिले. मग म्हणाले, "मास्टरजी, आँखों का तो सबको मालूम है."

"सगळ्यांना?"

"लड़कों को भी. आप फळ्यावर रेघ मारता तेव्हा पहिल्या बाकावरचा पोरगा हळूच सांगतो ना, गुरुजी थोडं खाली. आप समझे, वो शरारत करता है? मैंने ही कहा था उसको." त्यांनी रुमालानं मान पुसली. "मी वर कळवलं असतं तर तुम्ही घरी बसले असते. मग मॅट्रिकच्या वर्गाला गणित कोण शिकवणार? दो साल से दूसरा आदमी माँग रहा हूँ. कोई आता नहीं यहाँ."

मास्तर खुर्चीत बसले. इतके महिने पाठीवर वाहिलेलं ओझं त्यांनी खाली ठेवलं होतं, आणि कळलं होतं की ते कोणापासून लपलेलंच नव्हतं. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र नुसता शीण होता.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"शिकवा. मार्चपर्यंत. पेपर तपासायला मी एक मास्तर देतो बरोबर. बहूरानी को छुट्टी दीजिए." मग त्यांनी मुन्नीचा कागद मागून घेतला. रुख्मानं पुढे होऊन तिरपी घडी घालून दाखवली. हिरालाल इतिहासाचे. त्यांना वाट्यांमधलं फारसं काही कळलं नाही, पण रेघेवर रेघ पडलेली दिसली. त्यांनी शून्य खोडलं, नवे मार्क घातले, सही केली.

"मार्क तो हो गए," ते म्हणाले. "पर लड़की का नाम कट चुका है. बापाला तुम्हीच सांगा. मैं कहूँगा तो वो सुनेगा नहीं."

टोल्यावर ते त्याच दिवशी दुपारी गेले. लक्ष्मीचंदचं घर मोठं, अंगणात धानाचं पुंजणं रचायचं काम चाललेलं. मास्तरांना पाहून तो स्वतः पुढे आला, खाट टाकली, पाणी आणवलं. रुख्मा खाटेमागे भिंतीशी बसली. पाय वळत होते.

मास्तरांनी कागद पुढे केला. लक्ष्मीचंदनं तो घेतला, नवे मार्क पाहिले, सही पाहिली.

"म्हंजे पास होती?"

"पास. वर्गात पहिली म्हणा. चूक आमची होती."

"चांगलं झालं." लक्ष्मीचंद मनापासून बोलला. "पोरगी रोज रडून राहिली होती. आता तिले बरं वाटन." मग तो थांबला. "पन मास्तरजी, आता सोयरीक ठरली. बालाघाटकडले पाव्हने आहेत. बैसाखात लगन. आता तिले शहरात कायले पाठवू? रस्त्यात काई झालं त पाव्हन्यायले काय जबाब देऊ?"

मास्तरांनी समजावलं. मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये, लग्न नंतर. वाया काही जात नाही. लक्ष्मीचंद मान हलवत राहिला. तो रागावत नव्हता, वाद घालत नव्हता. नुसता ऐकत नव्हता. मास्तरांचे शब्द हळूहळू कमी होत गेले. शेवटी ते उठायला लागले.

तेव्हा आतून मुन्नी बाहेर आली. सोळा वर्षांची असेल. डोळे सुजलेले. तिनं कागद बापाच्या हातातून घेतला, पाहिला, आणि सरळ विचारलं, "गुरुजी, आधी शून्य कायले दिलं होतं?"

मास्तर बोलायच्या आत रुख्मा म्हणाली, "मी म्हटलं होतं गुंता आहे म्हनून. गुरुजींना दिसत नाई. मी सांगत होती. मले झोप आली होती."

मुन्नीनं तिच्याकडे पाहिलं. "तुमाले येते का ग्राफ?"

"थोडासा."

"मग खालचं वाचलं काऊन नाई? लिहिलं होतं ना मी. तुमाले चार ओळी वाचाले झोप आली, अन् माही शाळा सुटली."

"मुन्नी!" लक्ष्मीचंद ओरडला. रुख्मानं मान खाली घातली. पोरगी काही खोटं बोलत नव्हती.

पुंजण्यावरचा माणूस धानाच्या पेंढ्या झेलता झेलता इकडे पाहत राहिला. शेवटी रुख्माच बोलली, लक्ष्मीचंदकडे न पाहता, जमिनीकडे पाहून. "शहरात नका पाठवू. आमच्या घरी पाठवा कुडव्याले. तुमचं वावर तिकडंच आहे ना बाबाजी? दुपारून वावरात जाताना सोडा, परतताना घेऊन जा. तवा मामाजी येतात शाळेतून, अन् मी असतोच घरी. मार्चपर्यंत. परीक्षेले बाहेरून बसन."

लक्ष्मीचंदनं पाण्याचा लोटा उचलला, खाली ठेवला. आत दाराआड कोणी बाई उभी होती. तिकडे त्यानं एकदा पाहिलं. "तिच्या मायले इचारतो," तो म्हणाला.

चार दिवसांनी, मास्तर शाळेतून येऊन पाय शेकत बसले होते, तेव्हा लक्ष्मीचंदची दमणी, हलकी बैलगाडी, दारात थांबली आणि मुन्नी उतरली. ती रुख्माशी बोलली नाही. चटईवर बसली, वही उघडली आणि मास्तरांना म्हणाली, "कुठून सुरू करायचं?"

हिवाळा असाच गेला. मुन्नी यायची, मास्तर सांगायचे, ती काढायची. रुख्माला सुटी मिळाली होती असं म्हणायला हरकत नव्हती. शाळेचे पेपर आता घरी येत नव्हते. पण बैलांच्या पायाखाली धान चुरायचा होता, वावरातली लाखोरी उपटायची होती, आणि मास्तरांना मुन्नीनं काढलेलं दिसत नव्हतंच. तेव्हा काम करता करता तिला हाक पडे, "रुख्मा, पाहा बरं." ती हात पुसत यायची, कागद डोळ्यापाशी धरायची, वाकवायची, आणि म्हणायची, "जुळली," किंवा "डावीकडे चुकलं." मुन्नी पहिल्यांदा तोंड फिरवी. मग नुसती ऐकू लागली. एका दुपारी मास्तरांचा डोळा लागला असताना तिनं स्वतःच कागद पुढे केला. मधल्या ठिपक्यातून जाणारी सरळ रेघ होती.

"ही कोनत्याच घडीवर नाई जुळत," रुख्मा म्हणाली. "ना उभ्या, ना आडव्या."

"घडी नका घालू. कागद फिरवा. वरचं खाली करा."

रुख्मानं कागद उलटा धरला. रेघ जशीच्या तशी होती.

"हीपन सममितीच," मुन्नी म्हणाली. "गुरुजी म्हनत होते, ही ओळखाले अवघड असते." तेवढं बोलून ती पुन्हा वहीत घुसली. रुख्मा थोडा वेळ तिथेच बसली. तिला उठवेना. मग कोंबड्या वाळवणावर आल्या म्हणून उठली.

मार्चमध्ये मुन्नी परीक्षेला बसली. लक्ष्मीचंद स्वतः तिला दमणीतून नेई आणि पेपर सुटेपर्यंत झाडाखाली बसून राही. वैशाखात लग्न झालं. मास्तर, बकाराम आणि रुख्मा जेवून आले. मंडपात मुन्नी हळदीनं पिवळी होती आणि पेंगत होती. तिला ओवाळताना रुख्मा हळूच म्हणाली, "निकाल लागन लवकरच." मुन्नीनं मान हलवली. तेवढ्यात मागच्या बाया पुढे सरकल्या.

निकाल लागला तेव्हा मास्तरांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. तो मोतीबिंदू पिकला होता आणि काढला होता. दुसरा बाकी होता. नोकरी संपली होती. शाळेनं हार घातला, हिरालालांनी भाषण केलं, आणि नव्या सत्राला गणिताचा मास्तर अजूनही मिळाला नव्हता. वर्तमानपत्र बकारामनं मिलमधून आणलं. रुख्मानं सपरीत पसरून त्या बारीक आकड्यांच्या ओळींवरून बोट फिरवलं. आकडे पुष्कळ होते आणि कागदाला शाईचा वास येत होता.

"आहे," ती म्हणाली.

"नीट पाहा."

"आहे जी. दोनदा पाहिला. तिचाच नंबर आहे."

मास्तरांनी टेकलेली पाठ भिंतीवरून काढली, मग पुन्हा टेकवली. "गणितात किती पडले, ते यात नसते," ते म्हणाले. "कोणाला विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी रुख्मा टोल्यावर जाऊन लक्ष्मीचंदला सांगून आली. तो खूश झाला, गूळ-पाणी दिलं, म्हणाला, बालाघाटकडं माणूस जाऊन राहिला आहे, निरोप देतो. निरोप पोचला की नाही, ते पुढे बरेच दिवस कळलं नाही. मृग लागला, रोपांसाठी पऱ्हे टाकायची घाई झाली, आणि रुख्माला विचारायला जाणंही झालं नाही. मग आखाडात एकदा लक्ष्मीचंद वावरातून परतताना दारात थांबला. दमणीतून उतरला नाही.

"मुन्नी आली होती माहेरी," तो म्हणाला. "दोन दिवस राहून गेली. तुमाले भेटाले येतो म्हने, पन पानी लय होता."

"बरी आहे ना?"

"बरी आहे. पास झाल्याचा निरोप पोचला म्हने." त्यानं कासरा ओढला, पुन्हा सैल सोडला. "तिकडं सासऱ्याच्या घरी पोरायले शिकवते म्हने. दिराची पोरं आहेत. संध्याकाळी थोडा वेळ, काम झालं की." तो जरा घुटमळला. "थकून जाते म्हने लय."

"होय," रुख्मा म्हणाली. "थकतेच मानूस."

दमणी गेली. रुख्मा अंगणात उभी होती, पायाला बांधीचा चिखल, हातात पऱ्ह्यांच्या पेंढ्या. आतून मास्तरांनी विचारलं, कोण आलं होतं. तिनं सांगितलं. मग पाय न धुताच पुन्हा बांधीकडे निघाली. अजून अर्धी रोवणी बाकी होती, आणि उजेड होता तोवर दोरी ताणून घ्यायची होती.